तळघरातला जाझ आणि बंदरावरचा इतिहास

१

ज्या काळात आपण जगलो नाही त्या काळाची ओढ माणसाला का लागावी, हा प्रश्न इतिहासकाराला जितका अडचणीचा आहे तितकाच तो कलासमीक्षकालाही आहे. ऐतिहासिक कादंबरीच्या संदर्भात आपल्याकडे ह्या प्रश्नाची पुष्कळ चर्चा झाली. परंतु ती बहुधा राजे, लढाया आणि दरबार ह्यांच्याभोवतीच फिरत राहिली. नजीकचा भूतकाळ, ज्याचे साक्षीदार अजून आपल्या घरात वावरत असतात असा काळ, कलेत उतरू लागतो तेव्हा अडचण वेगळी असते. तेथे पुराव्यांची वाण नसते. उलट आठवणीच फार असतात. आणि आठवणींना स्वभावतःच गोड होण्याची खोड असते.

ह्या दृष्टीने एका जपानी चित्रमालिकेचा विचार करावा असे प्रस्तुत लेखकाला वाटते. तिचे मूळ नाव 'साकामिची नो आपोरोन', म्हणजे 'चढावरचा अपोलो'. २०१२ सालच्या एप्रिल ते जून ह्या तीन महिन्यांत ती फुजी दूरचित्रवाणीवरून बारा भागांत दाखविली गेली. युकी कोदामा ह्या लेखिकेने २००७ पासून लिहिलेल्या आणि रेखाटलेल्या, नऊ खंडांच्या चित्रकथेवर ती आधारलेली आहे. दिग्दर्शक शिनिचिरो वातानाबे, संगीतकार योको कान्नो. ह्या दोघांनी १९९८ साली 'काउबॉय बिबॉप' ह्या मालिकेसाठीही एकत्र काम केले होते, आणि त्या मालिकेतही जाझला मोठे स्थान होते. परंतु ती भविष्यकाळातील, अंतराळातील कथा होती. येथे कथा घडते ती १९६६ च्या उन्हाळ्यापासून पुढे, क्यूशू बेटावरील सासेबो ह्या बंदरात. वातानाबे ह्यांचा जन्म १९६५ चा. म्हणजे ज्या काळाचे चित्र ते काढीत आहेत त्या काळी ते पाळण्यात होते. ह्या काळाशी त्यांचे नाते आठवणीचे नाही, ऐकीव आहे. आणि ऐकीव हा शब्द येथे त्याच्या अक्षरशः अर्थाने घ्यावयाचा आहे. तो काळ त्यांच्यापर्यंत पोहोचला तो मुख्यतः ध्वनिमुद्रिकांमधून.

रेखाचित्रे चालती-बोलती करण्याची कला ही मुलांच्या करमणुकीपुरती आहे, अशी समजूत आपल्या साहित्यिक वर्तुळांत अद्याप पुरती गेलेली नाही. ह्या मालिकेकडे गंभीरपणे पाहण्याचे कारण असे की, तरुण वादकांची एक साधी मैत्रीकथा सांगताना तिने इतिहासाचा एक अवघड तुकडा हाती घेतला आहे. तो तिने कोठे पेलला आणि कोठे तो तिच्या हातून निसटला, हे पाहिल्याने कलेतील इतिहासाविषयी आपल्याला काही शिकता येईल.

२

कथेआधी गावाची ओळख करून घेणे आवश्यक आहे. सासेबो हे नागासाकी प्रांतातील बंदर. १८८९ साली तेथे शाही नौदलाचे ठाणे सुरू झाले आणि एका किरकोळ वस्तीचे लष्करी शहर बनले. १९०४ च्या फेब्रुवारीत रशियाविरुद्धच्या युद्धासाठी जपानचे आरमार निघाले ते येथूनच. १९४५ च्या जून महिन्याच्या अखेरीस अमेरिकन विमानांनी शहराचा मोठा भाग जाळला. सप्टेंबरमध्ये अमेरिकेचे सैनिक किनाऱ्यावर उतरले. जपानी नौदलाच्या गोद्या अमेरिकन नौदलाच्या झाल्या. १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटले तेव्हा सैन्य, दारूगोळा आणि रसद ह्यांची मोठी ये-जा ह्या बंदरातून झाली. आणि १९६४ च्या नोव्हेंबरात जपानला भेट देणारी पहिली अमेरिकन अणुपाणबुडी आली तीही सासेबोलाच.

अशा गावात खलाशी येतात, खलाशांसाठी मद्यालये येतात, मद्यालयांसाठी वादक येतात. जपानात जाझ प्रथम युद्धानंतर आला असे मात्र नव्हे. १९२० नंतरच्या दशकात कोबे, ओसाका, योकोहामा, टोकियो ह्या शहरांतील नृत्यगृहांतून तो रुजला होता आणि त्या कामी फिलिपिनो वादकांचा वाटा मोठा होता. पुढे युद्धात तो शत्रूचा सूर ठरला. १९४३ च्या जानेवारीत सरकारने सुमारे एक हजार अमेरिकन व इंग्रज रचनांवर बंदी घातली. दोनच वर्षांनी त्याच रचना वाजवू शकणाऱ्या वादकांची गरज जेत्यांच्या छावण्यांना भासू लागली. ज्याला थोडेफार वाद्य वाजविता येत होते त्याला रोजच्या भाकरीची सोय दिसली. उपाशी देशातील तरुणांनी तळांवरच्या क्लबांत उभे राहून, ऐकता ऐकता हे संगीत आत्मसात केले.

ह्या इतिहासातील एक उदाहरण पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावे. तोशिको आकियोशी ही मांचुरियात वाढलेली जपानी मुलगी. युद्ध हरल्यावर तिच्या कुटुंबाला सर्वस्व सोडून मायदेशी यावे लागले. १९४६ साली क्यूशूवरील बेप्पू ह्या गावी एका नृत्यगृहात तिने पियानो वाजविण्याची नोकरी धरली. पुढे दौऱ्यावर आलेल्या ऑस्कर पीटरसनने तिचे वादन ऐकले, तिची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली आणि १९५६ मध्ये ती बोस्टनला शिकावयास गेली. जपानी जाझला जगात नाव मिळवून देणारी पहिली मोठी कलावंत ती हीच.

१९६१ च्या जानेवारीत ड्रमवादक आर्ट ब्लेकी आपला संच घेऊन जपानात आला आणि जाझला छावणीबाहेरचा श्रोता मोठ्या प्रमाणावर लाभला. 'मोनिन' ही त्याच्या संचाची रचना त्या दिवसांत इतकी लोकप्रिय झाली की, जेवणाचे डबे पोचविणारी पोरेही ती गुणगुणत जात, असे सांगितले जाते. परदेशी मुद्रिका महाग होत्या. म्हणून 'जाझ किस्सा' नावाची कॉफीगृहे निघाली. तेथे एका पेल्याच्या किमतीत, न बोलता, तासन्‌तास मुद्रिका ऐकता येत. संगीत ऐकणे ही जणू एक साधना मानणारी पिढी ह्या खोल्यांतून घडली.

३

ह्या पार्श्वभूमीवर कथा सुरू होते. काओरू निशिमी हा अबोल, अभ्यासू, युरोपीय अभिजात पद्धतीने पियानो शिकलेला मुलगा. वडील जहाजावर नोकरीला, म्हणून तो नातेवाइकांच्या आश्रयाने सासेबोला येतो. शाळेपर्यंतचा लांब चढ त्याला नकोसा वाटतो. शीर्षकातील चढ तो हाच. शाळेत त्याची गाठ सेंतारो कावाबुची ह्या दांडगट मुलाशी पडते. वर्गातील रित्सुको ह्या मुलीच्या वडिलांचे मुद्रिकांचे दुकान असते आणि दुकानाखालच्या तळघरात पियानो, ड्रम आणि बास ही वाद्ये असतात. वडील स्वतः बास वाजवितात. सेंतारो ड्रम बडवितो. आणि शेजारच्या घरातील, टोकियोत शिकणारा जुनिची सुटीत येऊन तुतारीच्या जातीचे ट्रंपेट वाजवितो. काओरू त्या तळघरात उतरतो आणि त्याचे आयुष्य बदलते.

प्रथम तो 'मोनिन' वाजवून दाखवितो. स्वर सगळे बिनचूक असतात; परंतु सेंतारो त्याला हे जाझ नव्हे असे तोंडावर सांगतो. अपमानित मुलगा मुद्रिका विकत घेतो आणि घरी बसून तीच तीच ऐकत पियानोवर तो झोका शोधू लागतो. ज्यांना आपल्याकडील तालमीची कल्पना आहे त्यांना ह्या प्रसंगाचे मर्म सांगण्याची आवश्यकता नाही. लिहिलेला स्वर आणि लागलेला स्वर ह्यांतले अंतर कागदावर दाखविता येत नाही. ते ऐकून, चुकून आणि हिणवून घेऊनच कापावे लागते. फरक इतकाच की, येथे गुरू समोर बसलेला नाही. तो समुद्रापलीकडे आहे आणि त्याची गाठ फक्त तबकडीवर पडते. १९५० नंतरच्या जपानी वादकांच्या सबंध पिढीचे शिक्षण ज्या पद्धतीने झाले ती पद्धत मालिकेने एका मुलाच्या बोटांतून दाखविली आहे. ह्यासाठी तिला एकही व्याख्यान द्यावे लागलेले नाही.

ह्या मालिकेचे मोठे आकर्षण येथेच आहे. संगीतावरील चित्रकथांची एक जुनी पळवाट असते. वादकाची बोटे हुबेहूब रेखाटणे फार कष्टाचे, म्हणून चित्रकार त्याचा चेहरा दाखवितो, वाऱ्यावर उडणारे केस दाखवितो, ऐकणाऱ्यांचे पाणावलेले डोळे दाखवितो. येथे ती पळवाट टाळली आहे. काओरूचे वादन ताकाशी मात्सुनागा ह्या पियानोवादकाने आणि सेंतारोचे वादन शुन इशिवाका ह्या तरुण ड्रमवादकाने प्रत्यक्ष केले. त्यांचे वादन कॅमेऱ्यांनी टिपले गेले आणि त्या चित्रणावरून रेखाटने केली गेली. त्यामुळे काठी कातड्यावर पडते तो क्षण आणि आवाज येतो तो क्षण एकच असतो. मनगट सैल सुटते, कोपर मागे जाते, एक वादक मान वर करून दुसऱ्याकडे पाहतो आणि दुसरा त्या नजरेचे उत्तर पुढच्या मात्रेत देतो. संगीत हे श्रम आहे आणि दोघांनी मिळून केलेले श्रम आहे, हे सत्य इतक्या स्पष्टपणे मांडणाऱ्या कलाकृती थोड्या असतील.

सातव्या भागातील शाळेच्या उत्सवाचा प्रसंग ह्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. दोघा मित्रांत तेव्हा दुरावा आलेला असतो, कारण सेंतारो एका नव्या रॉक-संचात वाजवू लागलेला असतो. त्या संचाचा कार्यक्रम चालू असताना वीज जाते. विजेवर वाजणाऱ्या गिटारी मुक्या होतात. सभागृहात चुळबूळ सुरू होते. तेव्हा काओरू काही न बोलता पियानोवर जाऊन बसतो आणि 'माय फेव्हरिट थिंग्ज' ह्या सुरावटीचा प्रारंभ करतो. थोड्या वेळाने ड्रम त्याला येऊन मिळतो. तेथून ते १९३७ च्या 'स्नो व्हाइट' चित्रपटातील एका प्रसिद्ध गीताकडे आणि शेवटी 'मोनिन'कडे जातात. समेट होतो तो वाजविण्यातच. क्षमा मागितली जात नाही, दिलीही जात नाही.

ह्या प्रसंगात मैत्रीच्या गोडव्याखाली काळाची एक गोष्ट दडलेली आहे. १९६६ च्या ३० जूनपासून तीन दिवस टोकियोच्या बुदोकान सभागृहात बीटल्सचे कार्यक्रम झाले. त्यानंतर जपानात 'ग्रूप साउंड्स' नावाच्या गिटार-संचांची लाट उसळली आणि तरुणांचे संगीत हे स्थान जाझच्या हातून गेले. मालिकेतील रॉक-संच काढणारा मुलगा घरच्या गरिबीतून वर येण्यासाठी गायक होऊ पाहतो. त्याला खलपुरुष केलेले नाही, ह्यातही दिग्दर्शकाचा न्यायीपणा दिसतो. सभागृहातील वीज जाते तेवढ्या चार मिनिटांपुरता इतिहासाचा प्रवाह उलटा वाहतो. मग वीज येणार आहे, आणि जाझ पुन्हा तळघरात जाणार आहे. प्रेक्षकाला हे ठाऊक असते, म्हणूनच त्या आनंदाला हुरहूर लागलेली असते.

४

इतिहास आणि संगीत ह्यांची सर्वांत अर्थपूर्ण गाठ पडते ती मात्र चौथ्या भागात. नाताळच्या सुमारास हे चौघे परदेशी गिऱ्हाइकांच्या एका मद्यालयात वाजवावयास जातात. काळ्या अमेरिकन वादकांच्या वळणाची जोरकस रचना चालू असताना एक झिंगलेला गोरा माणूस ओरडून उठतो. असले काळ्यांचे जाझ नको, गोऱ्यांचे वाजवा, असा त्याचा आग्रह असतो. सेंतारो संतापून निघून जातो. जुनिची मात्र प्रसंग सावरतो. तो चेट बेकरच्या धाटणीने, हळुवार आवाजात एक प्रेमगीत गातो आणि खोली शांत होते.

हा प्रसंग छोटा आहे, परंतु त्यात एक सबंध युग मावले आहे. जपानी मुलांनी ज्या संगीतावर जीव टाकला ते अमेरिकेचे म्हणून त्यांच्यापर्यंत आले. आणि अमेरिका ही एक नव्हती, दोन होत्या, हे त्यांना ह्या मद्यालयात कळते. जेत्यांच्या सेनेत जित असलेला एक समाज होता आणि त्या समाजाने निर्माण केलेले संगीत जिंकल्या गेलेल्या देशाच्या मुलांना आपले वाटत होते. सेंतारोचा राग ह्यासाठी केवळ संगीताच्या अभिमानाचा नाही. त्याचे वडील अमेरिकन सैनिक होते आणि त्याला जपानी आईपासूनही लहानपणीच दुरावावे लागले. त्याच्या केसांचा आणि डोळ्यांचा रंग पाहून गावातल्या पोरांनी त्याला छळलेले आहे. 'तू कोणापैकी?' हा प्रश्न त्याला जन्मापासून विचारला गेला. मद्यालयातील तो माणूस तोच प्रश्न संगीताला विचारतो.

येथपर्यंत मालिका जे करते ते उत्तम आहे. आता तिच्या उणिवांकडे वळले पाहिजे; आणि हे सांगितले पाहिजे की, ज्या उंचीवर हा चौथा भाग तिला नेऊन ठेवतो त्या उंचीवरूनच तिच्या उणिवा दिसतात.

५

ह्या मालिकेत गाव आहे, बंदर आहे, खलाशी आहेत. पण ते खलाशी कोठून आले आणि कोठे निघाले आहेत ह्याची विचारपूस नाही. १९६६ साली सासेबोच्या गोदीत थांबणारी जहाजे व्हिएतनामच्या किनाऱ्याकडे जात होती. मद्यालयात नाताळ साजरा करणारे ते पुरुष युद्धाच्या वाटेवरचे पुरुष होते. १९६८ च्या जानेवारीत 'एंटरप्राइज' हे अणुशक्तीवर चालणारे विमानवाहू जहाज सासेबोला आले. त्याला विरोध करण्यासाठी देशभरातून विद्यार्थी जमले, पुलांवर पोलिसांशी झटापटी झाल्या, अश्रुधूर आणि पाण्याचे फवारे ह्यांनी ते गाव जपानच्या घराघरांत दूरचित्रवाणीवर दिसले. कथेतील मुले तेव्हा त्याच गावातील शाळेत होती. बारा भागांत ह्या दिवसांना मात्र स्वतंत्र स्थान मिळालेले नाही.

ह्यावर एक उत्तर संभवते. कलाकृती म्हणजे इतिहासाचे पाठ्यपुस्तक नव्हे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना पहिल्या प्रेमापुढे विमानवाहू जहाज दिसत नाही, हेही मानवी सत्यच आहे. हे उत्तर मान्य करण्यास हरकत नव्हती, जर मालिकेने इतिहासाला दारातच थांबविले असते. परंतु तिने त्याला घरात घेतले आहे. जुनिची टोकियोत विद्यार्थी-चळवळीत ओढला जातो, मोडून परत येतो. १९६७ च्या ऑक्टोबरात हानेडा विमानतळाजवळच्या संघर्षात एक विद्यार्थी मरण पावला होता. त्यानंतरच्या दोन वर्षांत ती चळवळ अधिकाधिक उग्र होत गेली. जुनिची ज्या जखमेसह परततो ती जखम त्या काळाची आहे. पण कथेत तिचे काम एवढेच की, तो उदास आणि म्हणून आकर्षक दिसावा, आणि युरिका ह्या श्रीमंत घरच्या मुलीने त्याच्यासाठी घर सोडावे. चळवळ ही येथे नायकाच्या अंगावरच्या कोटासारखी झाली आहे. तिच्यामागचा विचार कोणता, ती का फसली, ह्याविषयी कोणी कोणाशी एक वाक्यही धड बोलत नाही.

ह्याहून गंभीर उणीव सेंतारोच्या बाबतीत आहे. तो ह्या कथेचा खरा नायक. त्याच्या जन्मातच परकीय ताब्याचा इतिहास आहे. अशा मुलांचा प्रश्न त्या काळी जपानात किती मोठा होता ह्याची साक्ष मिकी सावादा ह्यांनी १९४८ मध्ये ओइसो येथे काढलेला अनाथाश्रम देतो. तो मुख्यतः ह्याच मुलांसाठी होता. चौथ्या भागाने सेंतारोच्या दुःखाचे मूळ उघडे केले. त्यानंतर त्या दुःखाची परिणती त्याच मुळातून व्हावयास हवी होती. तसे होत नाही. उत्तरार्धात एक मोटारसायकलचा अपघात होतो. धाकटी बहीण जबर जखमी होते. सेंतारो स्वतःला दोषी मानून गाव सोडतो. अपघात कोणत्याही गावात, कोणत्याही वर्षी, कोणालाही होऊ शकतो. ज्या मुलाला काळाने घडविले त्याला योगायोगाने निकालात काढणे ही कथानकाची सोय आहे. तिच्यामुळे अश्रू येतात, अर्थ येत नाही.

येथे विस्ताराच्या अडचणीचाही विचार केला पाहिजे. नऊ खंडांचा मजकूर बारा भागांत, प्रत्येकी वीस-बावीस मिनिटांत, बसविताना शेवटच्या भागांची धावपळ होणे अपरिहार्य होते. काओरू रित्सुकोवर, रित्सुको सेंतारोवर, सेंतारो युरिकावर आणि युरिका जुनिचीवर अशी प्रेमाची जी साखळी पूर्वार्धात गुंफली आहे तिच्यात बराच वेळ खर्ची पडतो. मग वर्षामागून वर्षे काही दृश्यांत उरकली जातात. हा दोष तंत्राचा, म्हणून क्षम्य. परंतु काटकसर करताना काय राखले आणि काय सोडले हे पाहिले तर निवडीमागची वृत्ती दिसते. राखले गेले ते गैरसमज; सोडले गेले ते जग.

रित्सुकोविषयीही असेच म्हणावे लागते. दुकान तिच्या घरचे, वाद्ये तिच्या घरची, आणि तिच्या वाट्याला येते ते मुख्यतः जिन्यावर बसून ऐकणे. शेवटी तिला गाण्यासाठी रंगमंचावर आणण्याचा बेत होतो, आणि नेमका तोच बेत अपघातात बुडतो. लेखिका स्त्री, संगीतकार स्त्री, आणि तरीही तळघर मुलग्यांचेच राहावे ह्याचे आश्चर्य वाटते. त्या काळी तशीच रीत होती असे कोणी म्हणेल तर त्याला बेप्पूच्या नृत्यगृहातील आकियोशीची आठवण करून द्यावी लागेल. ती ह्याच बेटावर, ह्या कथेच्या वीस वर्षे आधी, पियानोवर बसली होती. म्हणजे येथे इतिहास कथेपेक्षा पुढे होता. भूतकाळाची गोडी लागली की आपण त्याला आहे त्याहूनही जुनाट करतो, ही गोष्ट ह्या ठिकाणी ध्यानात येते.

आणखी एक संधी अशीच हुकलेली दिसते. १९६६ च्या जुलैमध्ये जॉन कोल्ट्रेन जपानच्या दौऱ्यावर होता. ज्या उन्हाळ्यात काओरू सासेबोचा चढ चढला त्याच उन्हाळ्यात कोल्ट्रेन त्याच प्रांतातील नागासाकीला आला, अणुबाँबने मेलेल्यांच्या स्मारकापाशी उभा राहून त्याने प्रार्थना केली आणि त्या शहरात वादन केले. वर्षभरात, १९६७ च्या जुलैमध्ये, तो वारला. 'माय फेव्हरिट थिंग्ज' ही सुरावट जाझमध्ये अजरामर केली ती त्यानेच. मालिकेत ती सुरावट आहे, त्या प्रार्थनेचे दृश्य नाही. ते असलेच पाहिजे होते असा हट्ट नाही. पण त्या प्रार्थनेत अमेरिकन संगीत आणि अमेरिकन बाँब ह्यांचे जे अवघड नाते एका काळ्या वादकाने स्वतःच्या अंगावर घेतले, तेच नाते ह्या कथेला तिच्या मद्यालयाच्या प्रसंगानंतर पुढे न्यावयाचे होते. आणि ते तिने अर्ध्यावर सोडले.

६

असे असूनही ही मालिका मनातून जात नाही, आणि ह्याचे कारण तिच्या शेवटात सापडते. आठ वर्षांनी डॉक्टर झालेला काओरू एका छायाचित्राच्या आधारे सेंतारोचा शोध घेत एका बेटावरच्या चर्चमध्ये पोहोचतो. सेंतारो तेथे धर्मगुरू होण्याच्या वाटेवर आहे. काओरू ऑर्गनवर बसून 'मोनिन' वाजवू लागतो आणि ड्रमचा ठेका त्याला येऊन मिळतो.

वरवर पाहता हा एक गोड शेवट आहे. पण येथे दोन जुने प्रवाह एकत्र येतात आणि ते पाहणाऱ्याला ठाऊक असोत वा नसोत, कानाला जाणवतात. 'मोनिन' ही बॉबी टिमन्सची रचना, १९५८ सालची. तिची बांधणी अमेरिकेतील काळ्या ख्रिस्ती समाजाच्या प्रार्थनेसारखी आहे. एकाने हाक द्यावी आणि सर्वांनी 'आमेन' म्हटल्याप्रमाणे दोन स्वरसमूहांत उत्तर द्यावे, अशी तिची ठेवण. चर्चमधून निघून, क्लबांतून, मुद्रिकांतून, छावण्यांच्या गावातून फिरत ती येथे पुन्हा चर्चमध्ये येते.

आणि हे चर्चही साधे नव्हे. ह्या किनाऱ्यावर ख्रिस्ती धर्म आला तो गोव्यामार्गे. फ्रान्सिस झेवियर १५४९ च्या एप्रिलमध्ये गोव्याहून निघाला, ऑगस्टमध्ये जपानला पोहोचला आणि पुढल्या वर्षी सासेबोजवळच्या हिरादो बेटावर गेला. १६१४ मध्ये देशव्यापी बंदी आली. त्यानंतर अडीचशे वर्षे ह्या प्रदेशातील कोळी आणि शेतकरी गुप्तपणे प्रार्थना करीत राहिले. धर्मगुरू नव्हते, ग्रंथ नव्हते, तोंडातोंडी चालत आलेले शब्द तेवढे होते. १८७३ मध्ये बंदीचे फलक उतरले. सासेबोच्या हद्दीतील कुरोशिमा बेटावरची वस्ती २०१८ साली जागतिक वारशात नोंदली गेली ती ह्याच स्मरणासाठी. लपून जपलेल्या सुरांची परंपरा ह्या भूमीला जाझच्या आधीपासून आहे. तळघरातला जाझ आणि कोठीघरातली प्रार्थना ह्यांचे नाते मालिका शब्दांत सांगत नाही. पण सेंतारोच्या गळ्यातील जपमाळ आणि हातातील काठ्या ही दोन्ही एकाच माणसाच्या अंगावर ठेवून ती ते दाखविते.

ह्यावरून प्रस्तुत लेखकाचा निष्कर्ष असा की, ह्या कलाकृतीत इतिहास दोन जागी आहे. कथानकात तो पडद्यासारखा मागे टांगलेला आहे आणि बहुतेक ठिकाणी रंग उडालेला आहे. वादनात मात्र तो जिवंत आहे, कारण तेथे निवड, श्रम आणि अचूकपणा ह्यांची सक्ती होती. ज्या चित्रकारांनी ड्रमची एक मात्राही खोटी काढली नाही त्यांच्याच लेखनपक्षाने एका सबंध युद्धाला खिडकीबाहेर ठेवले. सुराच्या बाबतीत जी निष्ठा दाखविली तीच घटनेच्या बाबतीत दाखविली असती तर ही मालिका आपल्या काळातील मोठ्या ऐतिहासिक कलाकृतींत गणली गेली असती.

हा निष्कर्ष केवळ परक्या देशापुरता नाही. आपल्याकडेही एक जाझ होऊन गेला. गोव्यातील चर्चच्या शाळांत पाश्चात्त्य स्वरलेखन शिकलेले वादक मुंबईस आले, हॉटेलांच्या नृत्यसंचांत वाजवू लागले, आणि तेथून हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले. चिक चॉकलेट ह्या नावाने गाजलेले ट्रंपेटवादक आंतोनियो झेवियर वाझ आणि अनेकांना घडविणारे अँथनी गोन्साल्विस ही त्यांतील दोन नावे. २०१४ साली 'नाचोम-इया कुम्पासार' ह्या कोंकणी चित्रपटाने त्या जगाची आठवण जागविली. मराठी लेखकाच्या नजरेसमोरून हे वादक रोज गेले. दादरच्या आणि ताडदेवच्या ध्वनिमुद्रणगृहांबाहेर वाद्यांच्या पेट्या घेऊन ते उभे असत. त्यांच्यावर लिहावयास जो कोणी पुढे येईल त्याच्यापुढे हाच मोह उभा राहील. जुने दिवे, जुनी गाणी, कॉफीचा वास, आणि ह्या सर्वांवर पसरलेला एक सोनेरी धूर. त्याने तो धूर जरूर रंगवावा. मात्र त्या पेटीत कोणते वाद्य होते, त्या रात्रीचे किती पैसे मिळाले, आणि पडद्यावरच्या श्रेयनामावलीत त्या माणसाचे नाव का आले नाही, हेही त्याने त्याच निष्ठेने विचारावे.